नॅनोपदार्थ निर्धोक आहेत, हे संगणकाच्या भाकितावरून ठरवावे का?

धागालेखक
साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या पदार्थांची तपासणी करताना खरी अडचण संख्येची असते. एकाच टायटॅनियम डायऑक्साइडचा आकार, स्फटिकरचना किंवा वरचा लेप बदलला, की नवे रूप तयार होते आणि अशा प्रत्येक रूपाची प्राण्यांवर चाचणी घेत बसणे कोणालाही परवडणारे नाही. पुझिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १७ धातू-ऑक्साइडांच्या नॅनोकणांचा ई. कोलाय जिवाणूंवरील विषारी परिणाम ज्या संगणकी प्रारूपात (पदार्थाच्या गुणधर्मांवरून विषारीपणाचे भाकीत करणाऱ्या गणितात) बसवला, त्याला धातूचा वायुरूप धनायन (धनभारित अणू) तयार होण्याची एन्थाल्पी, म्हणजे त्यासाठी लागणारी ऊर्जा, ही एकच राशी पुरली. म्हणून प्रारूप ज्यांना निर्धोक ठरवेल, त्या रूपांना प्राण्यांवरील चाचणीतून सूट द्यावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १
असहमत. सतरा पदार्थ आणि एक जिवाणू एवढ्या भांडवलावर माणसाच्या फुफ्फुसाविषयी बोलणे धाडसाचे आहे. २००८ मध्ये उंदरांच्या उदरपोकळीत सोडलेल्या लांब कार्बन नॅनोनळ्यांनी ॲस्बेस्टॉसच्या लांब तंतूंसारखा दाह निर्माण केला; आखूड, गुंतवळ झालेल्या नळ्यांनी तसे केले नाही. दोन्हीकडे कार्बनच. मॅक्रोफेज या परके कण गिळणाऱ्या पेशीला फार लांब तंतू पूर्ण गिळता येत नाही, ही गोष्ट केवळ रासायनिक घटकांवर बेतलेल्या प्रारूपाला कुठून कळणार?

धागालेखक
लांबी आणि ताठरपणा मोजता येतात, तेव्हा ते प्रारूपात घालताही येतात. शिवाय २०१२ मध्ये २४ ऑक्साइडांच्या अभ्यासात, कणाच्या वहनपट्ट्याची (इलेक्ट्रॉन जिथे मोकळे फिरू शकतात त्या पातळीची) ऊर्जा पेशीतील रेडॉक्स विभवाच्या (इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीच्या पातळीच्या) टप्प्यात आली की ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे क्रियाशील ऑक्सिजन-रेणूंचा पेशीवरचा मारा, वाढतो, असे दिसले. तिथे जिवाणू नव्हते, सस्तन प्राण्यांच्या पेशी होत्या.

प्रतिसाद २
राशी कोणती घ्यावी, यावर वाद चालू आहे; पण ज्या विदेवर (मोजमापांच्या नोंदींवर) प्रारूप शिकते, तिचे काय? एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या द्रव्यापासून जांभळे फॉर्माझान बनवतात आणि रंग जितका गडद तितक्या पेशी जिवंत, असे धरले जाते. एकपदरी कार्बन नळ्यांना हे फॉर्माझान चिकटून बसते, रंग फिका दिसतो आणि धडधाकट पेशी मेल्याची नोंद होते. अशा नोंदींवर शिकलेले प्रारूप तीच चूक मोठ्या आत्मविश्वासाने करील. आकाराचेही तसेच: कोरड्या भुकटीत मोजलेला कण रक्तद्रवात गेला, की प्रथिनांचे आवरण चढून वेगळाच होतो, आणि पुष्कळ तक्त्यांत आकडा मात्र भुकटीचा असतो.

धागालेखक
म्हणजे दोष मोजणीचा, प्रारूपाचा नव्हे.

प्रतिसाद १
सूट प्रारूपाच्या नावावर मागितली जात असताना ही वाटणी सोयीची वाटते. ओईसीडी या आर्थिक सहकार्यासाठीच्या देशांच्या संघटनेने २००४ मध्ये अशा प्रारूपांसाठी मान्य केलेल्या पाच तत्त्वांत उपयोजनक्षेत्र, म्हणजे प्रारूप कोणत्या पदार्थांना लागू पडते ते, स्पष्ट सांगण्याची अट आहे. क्षेत्राबाहेरच्या रूपाला 'सांगता येत नाही' असेच उत्तर मिळत असेल आणि त्यानंतर चाचणी सक्तीची असेल, तर मी विरोध मागे घेईन; नुसते 'निर्धोक' मला चालणार नाही.