मदत हवी आहे : घरचा पीसी सकाळी सुरूच होत नाही, नंतर मात्र ठीक

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घरचा असेंबल केलेला डेस्कटॉप ८ वर्षं जुना आहे. पाऊस लागल्यापासून सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. कधी तीन बीप येतात, तर कधी ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ (म्हणजे सुरू होण्यासाठी लागणारी डिस्क सापडत नाही) असं दिसतं. दोन-तीनदा बंद-चालू केलं की सुरू होतो, मग दिवसभर काही तक्रार नाही.

घड्याळ मागं पडायचं म्हणून मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल बदलला. तारीख आता टिकते, एरर तशीच. रॅम काढली तर पट्ट्यांवर काळपट थर. खोडरबरानं हलकेच पुसून बसवली. चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुकानदार थेट मदरबोर्ड बदला म्हणतो. मला पटत नाही, कारण एकदा गरम झालं की मशीन व्यवस्थित चालतं.

साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर) आधी बदलू की एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) तपासून घेऊ? मुलीचा बारावीचा सगळा अभ्यास त्यातच आहे. पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतलाय, तरी जीव टांगणीला लागलाय. कुणाला असाच अनुभव आला असेल तर कृपया सांगा.