मोठा टीव्ही, धूसर केबल : तुमच्या घरी कारण काय निघालं?

पिंपळपान (पुणे)

मोठा टीव्ही घेतला आणि केबलचं चित्र जुन्या टीव्हीपेक्षा वाईट दिसायला लागलं, ही तक्रार नात्यातल्या आणि ओळखीतल्या कितीतरी घरांत ऐकली आहे. बहुतेक ठिकाणी निकाल ठरलेला असतो : टीव्हीच खराब लागला. मग दुकानदाराशी वाद होतो, सर्व्हिस सेंटरला फोन होतात. घरातली वयस्कर माणसं मात्र त्याच चित्राकडे डोळे बारीक करून बघत राहतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण दिवसभर त्या पडद्यासमोर तीच असतात. म्हणून हा धागा काढतोय.

आधी थोडा हिशोब. साध्या, म्हणजे एसडी चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. फोर-के टीव्हीचा पडदा ३८४० बाय २१६० चा. म्हणजे पडद्यावर वीसपट जागा, आणि ती टीव्हीला अंदाजाने भरावी लागते. पासपोर्ट फोटो फ्लेक्सवर छापल्यावर जे होतं तेच इथे होतं. २१ इंची जुन्या टीव्हीवर हेच चॅनेल छान वाटायचे, कारण तो पडदा तेवढ्याच चित्रासाठी बनलेला होता.

दुसरं म्हणजे सेट-टॉप बॉक्सचं वय. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुणे, नाशिक, नागपूरसारख्या शहरांत ३१ मार्च २०१३ ही ॲनालॉग केबल (बॉक्सशिवाय चालणारी जुनी पद्धत) बंद करण्याची मुदत होती. त्या सुमारास बसवलेले एसडी बॉक्स काही घरांत अजून चालू आहेत. टीव्ही बदलला, बॉक्स तोच राहिला.

टीव्हीवर संशय असेल तर त्यावरच यूट्यूब उघडून एखादा एचडी व्हिडिओ लावून बघा. तो स्वच्छ दिसला तर टीव्हीला दोष देऊ नका. मग बघा, चित्र सतत धूसर आहे की मधूनच चौकोन पडून तुटतं? या दोन दुखण्यांची कारणं सहसा वेगळी निघतात, आणि आपण दोन्हीला 'क्लिअर दिसत नाही' एवढंच म्हणतो.

तुमच्याकडे लक्षण काय होतं, शेवटी कारण काय निघालं, ते लिहा. गाव किंवा शहर लिहिलंत तर बरं. केबल कंपन्यांची नावं नकोत, कारण एकाच कंपनीची सेवा दोन गल्ल्यांत वेगळी असते.

रानजाई (नाशिक)

आमच्याकडे 'सतत धूसर' हा प्रकार होता. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांना वाटत होतं की डोळ्यातच काहीतरी राहिलंय. डॉक्टरांनी तपासून डोळे उत्तम असल्याचं सांगितलं. मग भावाने टीव्हीच्या मागे बघितलं. बॉक्स एचडी होता, एचडी पॅकचे पैसेही दरमहा जात होते, पण बॉक्स टीव्हीला जोडला होता पिवळ्या-लाल-पांढऱ्या तीन पिनांच्या वायरने. त्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही. बॉक्स कितीही चांगला असला तरी पुढे एसडीच पोचतं.

एचडीएमआय केबल आणून लावली. फरक पडला, पण अपेक्षेइतका नाही. बॉक्सच्या मेनूमध्ये व्हिडिओ आउटपुट ५७६ आयवर, म्हणजे एसडीवरच होतं, ते १०८० आय, म्हणजे एचडी केल्यावर खरं चित्र आलं. त्या संध्याकाळी आईला मालिकेतल्या साड्यांचे काठ दिसायला लागले आणि ती नुसती काठांवरच बोलत होती. बाबांच्या मनातून डोळ्याची भीती गेली, हे आम्हाला सगळ्यांत मोलाचं.

चौकटराजा_ठाणे

रानजाईंचं वाचून लगेच मागे जाऊन बघितलं. तीन पिनाच आहेत. उद्या केबल आणतो. महागडी घ्यावी का?

अनुस्वार (मुंबई)

नको. एचडीएमआयमधून आकडेच जातात. केबल बिघडली तर पडद्यावर ठिणग्या उडाल्यासारखे ठिपके येतात, चित्र क्षणभर काळं होतं किंवा येतच नाही. धूसर चित्र हे तिचं लक्षण नव्हे. दीड-दोन मीटरची साधी, घट्ट बसणारी केबल पुरते.

माझा अनुभव अंतराचा. दादरला आमची खोली दहा बाय बाराची. मुलांच्या हट्टाखातर ५५ इंची टीव्ही आला आणि पलंगावरून बघताना एसडी चॅनेल नकोसे वाटायला लागले. ५५ इंची पडद्याची उंची साधारण ६८ सेंटिमीटर. एसडी चित्र उंचीच्या सहापट लांबून बरं दिसतं, म्हणजे ४ मीटर. एचडीला तिप्पट पुरतं, म्हणजे २ मीटर. आमच्या खोलीत ४ मीटर मिळणारच नाहीत. त्यामुळे रोज बघितले जाणारे चॅनेल एचडी घेतले, बाकीचे काढून टाकले. नव्याने टीव्ही घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : दुकानात जाण्याआधी टेप घेऊन पलंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. छोट्या खोलीत आणि एसडी केबलवर ४३ इंची टीव्ही जास्त सुख देतो.

मोगरा_वेणी (सोलापूर)

आजीची गोष्ट सांगते. एचडी पॅक घेतला, एचडीएमआय लावली, सगळं केलं. तरी आजी म्हणायची, "काही फरक नाही गं." मी तिच्या शेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं. तिला तिच्या चॅनेलचा जुना नंबर पाठ आहे आणि ती रिमोटवर तोच दाबते. तो एसडीचा नंबर. एचडीचा नंबर वेगळा असतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. स्टार प्रवाह, झी मराठी या दोन्हींचं एसडी आणि एचडी वेगवेगळ्या नंबरांवर असतं, आणि दिवसभर चालू असतं ते एसडीच.

तिच्या आवडीचे एचडी चॅनेल फेव्हरिट यादीत टाकून दिले. आता ती तेच एक बटण दाबते आणि वर-खाली करते. घरात वयस्कर माणूस असेल तर हे करून द्याच. पाच मिनिटांचं काम आहे.

पिंपळपान (पुणे)

मोगरा_वेणी, हा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. यावरून पैशांचंही सांगतो. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्राय या सरकारी नियामक संस्थेची नवी दरपद्धत लागू झाली, तेव्हापासून चॅनेल निवडून घेता येतात. त्या वेळच्या नियमात चॅनेलच्या मोजणीत एक एचडी चॅनेल दोन एसडी चॅनेलइतका धरत. एचडी घेतल्यावर त्याच चॅनेलचं एसडी वेगळं चालू असेल तर दोन्हींचे पैसे जात असतात. बिल एकदा नीट वाचा आणि नको ते बंद करायला सांगा.

लाइनवाला (सांगली)

मी केबलच्या धंद्यात ॲनालॉगच्या काळापासून आहे. 'तुटणारं चित्र' या भागाबद्दल सविस्तर लिहितो, कारण लोक सगळा राग बॉक्सवर काढतात आणि बहुतेक वेळा बॉक्सचा काही दोष नसतो.

ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या यायच्या. आणखी कमी झाला की आणखी मुंग्या. बघणाऱ्याला अंदाज यायचा. डिजिटलमध्ये तसं नाही. सिग्नल एका पातळीपर्यंत खाली आला तरी चित्र अगदी स्वच्छ असतं, आणि त्या पातळीखाली जरा गेला की एकदम चौकोन, आवाज तुटणं, मग काळा पडदा. त्यामुळे "कालपर्यंत चांगलं होतं" हे ग्राहकाचं म्हणणं खरं असतं. पण सिग्नल बरेच दिवस काठावर असतो.

आम्ही सिग्नलचं मीटर लावून ग्राहकाच्या टोकाला ५० ते ६५ डीबी मायक्रोव्होल्टच्या (सिग्नलची ताकद मोजायचं माप, थोडक्यात डीबी) मध्ये पातळी ठेवतो. घरात दोन टीव्हींसाठी स्प्लिटर लावला की साडेतीन-चार डीबी तिथेच जातात. चार तोंडांचा लावला तर सात-आठ. शंभर मीटर आरजी-६ (केबलची नेहमीची जाड) वायरीत वरच्या फ्रिक्वेन्सीला अठरा-वीस डीबी खर्च होतात, आणि जुनी बारीक वायर असेल तर त्याहून जास्त. हे सगळं बेरजेने वाढत जातं.

ग्राहकांनी एक गोष्ट करावी अशी माझी विनंती आहे. कुठले चॅनेल तुटतात ते कागदावर लिहून ठेवा. चॅनेल गटागटाने वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर येतात, अशा एका गटाच्या वाहकाला कॅरिअर म्हणतात. एका कॅरिअरवर सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट मावतात आणि त्यात दहा-पंधरा किंवा जास्त एसडी चॅनेल एकत्र येतात. ठरावीक चॅनेलचा गट तुटत असेल आणि बाकीचे नीट असतील तर तो कॅरिअर कमी पडतोय. वरच्या फ्रिक्वेन्सीचे कॅरिअर लांब वायरीत आधी मरतात. सगळेच चॅनेल तुटत असतील तर आधी जोड बघायचा. नुसतं "टीव्ही दिसत नाही" असा फोन आला तर मुलगा येतो, बॉक्स बंद-चालू करतो आणि जातो. चॅनेलची यादी हातात दिली तर त्याला काम करावंच लागतं.

आणि जोड! वायर सोलून, पीळ मारून, वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड जिथे दिसेल तिथे तो काढायला लावा. वायरीच्या टोकाचा एफ-कनेक्टर (बॉक्सला पिळून लावायची धातूची पिन) दाबून बसवलेलाच हवा. वायरीतल्या बाहेरच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तांब्याच्या तारेला टेकला तरी सिग्नल जातो. दर वेळी ॲम्प्लिफायर वाढवून प्रश्न सुटत नाही. सिग्नल प्रमाणाबाहेर वाढवला की बॉक्स तोही झेलू शकत नाही आणि पुन्हा चौकोनच येतात.

खाडीकाठ (मालवण)

लाइनवाला दादा, जोडाबद्दल लिहिलंत ते आमच्याकडे दर पावसाळ्यात बघायला मिळतं. खाऱ्या हवेने कनेक्टरवर हिरवा थर चढतो. वायर घरात शिरते तिथे ती वरून थेट खाली येत असेल तर पाणी वायरीवरून ओघळत कनेक्टरमध्ये जातं. वायरमनने वायरीला आधी खाली झोळ दिला आणि मग वर घेऊन आत आणली. आता पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं.

शेजारी डिश आहे, आमच्याकडे केबल. दोघांचंही पावसात जातं, पण तऱ्हा वेगळी. डिशचं जोराची सर आली की जातं आणि सर ओसरली की परत येतं. उपग्रहावरून डिशला येणाऱ्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, त्यावर घरात बसून फारसा उपाय नाही. केबलचं पाऊस थांबल्यावरही तुटत राहिलं आणि ऊन पडल्यावर सुधारलं, तर जोडात पाणी आहे हे नक्की समजा.

तुळस_वृंदावन (कोल्हापूर)

सगळी माणसं जाडी आणि बुटकी दिसत असतील तर रिमोटवरचं आस्पेक्ट किंवा पिक्चर साइझचं बटण बघा. जुने कार्यक्रम ४:३ चे असतात, ते १६:९ मध्ये ताणले जातात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालेल, चेहरे तरी नीट दिसतात. 'झूम' मात्र टाळा. एसडी आणखी फुगतं आणि खालची बातम्यांची पट्टी कापली जाते.

दिवेलागण (नागपूर)

सेटिंगबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. टीव्ही डब्यातून निघाला तेव्हा 'व्हिव्हिड' मोडवर होता. दुकानातल्या झगझगाटात तो मोड उठून दिसतो. घरात त्याने रंग भडक होतात, आणि शार्पनेस वाढवलेला असल्याने एसडी चित्रातला प्रत्येक डाग अधोरेखित होतो. 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' केलं, शार्पनेस बराच खाली आणला, आणि नॉइज रिडक्शन मध्यम ठेवलं. चेहऱ्यांभोवती जी पांढरी कड दिसायची ती गेली. बऱ्याच टीव्हींवर ही सेटिंग प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळी ठेवता येते, त्यामुळे केबलच्या पोर्टला नरम ठेवली आणि ओटीटीला हात लावला नाही.

एचडी चॅनेलच्या कडा कापल्या जात असतील तर एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन', सोनीमध्ये 'फुल पिक्सेल' अशा नावांनी पर्याय सापडतो.

क्रिकेटमध्ये चेंडूमागे शेपूट दिसते, त्यासाठी मोशनची सेटिंग कमी-जास्त करून पाहिली. थोडा फरक पडला. पण एसडीवर मैदानाचं गवत हिरव्या रंगाने सारवल्यासारखंच दिसतं, त्याला टीव्ही काही करू शकत नाही. वेगाने हलणाऱ्या चित्राला जास्त बिट लागतात आणि एसडीच्या वाट्याला ते येत नाहीत. सामने बघणाऱ्यांनी निदान स्पोर्ट्सचं एचडी घ्यावं.

परदेशी_पाखरू (एडिसन, न्यू जर्सी)

इकडेही हाच अनुभव. विकत घेतलेल्या घराच्या तळघरात आधीच्या मालकाने लावलेला आठ तोंडांचा स्प्लिटर होता, वापरात फक्त दोन तोंडं. उरलेली उघडी. तंत्रज्ञाने तो काढून दोन तोंडांचा लावला, काही चॅनेलवर येणारे चौकोन बंद झाले. स्प्लिटर मोठाच ठेवायचा असेल तर मोकळ्या तोंडांना ७५ ओहमची टोपी लावायची, असंही त्याने सांगितलं.

बोरीबाभळी (लातूर)

सगळं वाचलं. एचडी बॉक्स आहे, एचडीएमआय आहे, वायर नवीन. दिवसभर चित्र उत्तम. संध्याकाळी सात ते दहा मात्र सगळेच चॅनेल तुटतात. बॉक्स बदलून झाला. लाइनवाला दादा, काय असेल?

लाइनवाला (सांगली)

बोरीबाभळी, तुमच्या बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नल स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन आकडे असतात. दुपारी आणि रात्री आठला दोन्ही वेळा मोबाइलवर फोटो काढा. रात्री दोन्ही पडत असतील तर मला लाइनवरच्या ॲम्प्लिफायरच्या विजेचा संशय आहे. आपल्याकडे ॲम्प्लिफायरला वीज कुणाच्या तरी घरातून किंवा सोसायटीच्या मीटरवरून घेतलेली असते. संध्याकाळी तिथलं व्होल्टेज पडलं की पुढच्या सगळ्या घरांचं चित्र जातं. शेजारच्या दोन-तीन घरांत विचारा, त्यांचंही त्याच वेळी तुटतं का. तुटत असेल तर फोटो दाखवून ऑपरेटरला सांगा की रात्री आठ वाजता मीटर घेऊन ये, दुपारी नको.

बोरीबाभळी (लातूर)

शेजारी दोघांकडे विचारलं, दोघांचंही त्याच वेळेला जातं. ॲम्प्लिफायरचा डबा कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर आहे आणि संध्याकाळी गिरणी जोरात चालते. ऑपरेटर उद्या आठला येतोय.