कोकणच्या हवामान अंदाजात वणव्याचा इशारा हवा की नको?

लांजेकर:
हवामान खात्याचा या आठवड्याचा अंदाज वाचला. कोकणात उष्ण आणि दमट हवा, एक-दोन दिवस संध्याकाळी तुरळक ठिकाणी विजांसह वळीव. उन्हाला पिवळा इशारा, विजेला पिवळा इशारा, वणव्याबद्दल मात्र अक्षर नाही. माझं स्पष्ट मत आहे की जानेवारी ते मे आपल्याकडे वणव्याचा धोकाही रोज सांगितला पाहिजे. तोही तापमानावरून नाही, वाऱ्यावरून.

मागच्या मार्चमध्ये माझी सात वर्षांची काजूची कलमं गेली. सकाळी मतलई वारा होता, जमिनीकडून समुद्राकडे. बागेच्या पश्चिमेला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कुणीतरी गवत पेटवलं. धूर लांब जात होता म्हणून आम्ही निर्धास्त. साडेअकराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुटला आणि आग उलटी फिरली. दहा मिनिटांत गडग्याशी, बागेच्या दगडी बांधाशी, आली नि गडगा ओलांडूनही गेली. झाडाखाली पडलेल्या बिया फटाफट फुटत होत्या, टरफलातलं तेल पेटलं की बी ठिणगीसारखी उडायची. दुसऱ्या दिवशी बुंध्यांची साल बोटांनी सोलून येत होती.

त्या दिवशी उष्णतेची लाट नव्हती. किनारपट्टीवर पारा 37 अंशांवर आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी वर गेला तरच लाट धरतात. आमच्याकडे 34 होतं.

दापोलीकर:
नुकसान ऐकून वाईट वाटलं, पण मत पटत नाही. वीज आभाळातून येते, तिचा इशारा दिला तर माणूस घरात थांबतो. वणवा माणूसच लावतो. वळवाच्या विजेने एखादं झाड पेटलं तरी मागोमाग सर येते. बाकी सगळं शिकारीसाठी, नवं गवत फुटावं म्हणून, नाहीतर विडीच्या थोटकाने. असा माणूस मोबाइलवर अंदाज बघून काडी ओढतो का? डिसेंबरात बागेभोवती दहा-बारा फुटांची जाळरेषा काढा, म्हणजे तेवढ्या पट्ट्यातलं गवत आधीच जाळून टाका. आमची बाग तिच्यावरच टिकली आहे.

देवगडकरीण:
जाळरेषा हवीच. पण इशारा का हवा ते विम्याच्या बाजूने बघा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात अवेळी पाऊस बसतो, जास्त तापमान बसतं. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरलेला आकडा नोंदला की पैसे मिळतात. वणव्याने बाग जळाली तर त्या केंद्रावर काहीच नोंदलं जात नाही. हापूस उन्हाने भाजला तर तो शेतकऱ्याचा तोटा धरतात, आगीने भाजला तर नाही. धोका अधिकृत अंदाजात आला की निदान हा विषय कागदावर येईल.

मसुरेकर:
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. उद्या "वारा आहे, आग लावू नका" असं छापलंत की पहिला दंडुका भाजावळीवर, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्यावर, पडणार. राब (जमिनीवर पसरलेला पालापाचोळा) भाजला की तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, तरवा (भाताची रोपं) जोमाने येतो. आजे पहाटे, वारा पडलेला असताना भाजायचे. भोवती जमीन साफ केलेली, ओले टाळे (पाल्याच्या फांद्या) घेऊन चार माणसं उभी. आग विझून राख निवल्याशिवाय कुणी हलत नसे. आता ती चार माणसंच गावात नाहीत, हे दुखणं आहे. नुसत्यो गजाली करून वणवो विझाचो नाय.

लांजेकर:
मसुरेकर, मी भाजावळीच्या विरोधात नाही. आजोबांना वारा अंगावर कळायचा, आजच्या पोराला तो कुणीतरी सांगायला हवा. मला एवढीच ओळ हवी: "दुपारी बारानंतर वारा फिरेल, भाजावळ सकाळी आठच्या आत संपवा." खारे वारे कधी सुरू होतील याचा अंदाज खात्याला येतो, पूर्वेचे कोरडे वारे किती दिवस टिकतील तेही कळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे पूर्वेचे वारे असतात तेव्हा गवत हातात चुरडतं. एप्रिल-मेमध्ये आपण घामाने बेजार होतो, पण डोंगराला खरी भीती त्याआधीच असते. अंदाज मात्र घामाबद्दलच बोलतो.

गुहागर-विरार:
उपग्रहावरून आगीची सूचना देणारी भारतीय वन सर्वेक्षणाची सोय आहे ना?

लांजेकर:
आहे, पण ती आग लागल्यावरची. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो. सड्यावरचं गवत तासाभरात जळून मोकळं होतं. शिवाय आपले डोंगर बहुतेक मालकीचे, सरकारी जंगल रत्नागिरीत नावालाच. धावून जाणार कोण?

गुहागर-विरार:
हे मला लागलं, कारण आमचा सडा बारा वर्षं पडीक आहे. गवत कुणी कापत नाही, आग तिथूनच पुढे जाते असं शेजारी सांगतात. त्यांचं बरोबर आहे. मी इशाऱ्याच्या बाजूने आहे, पण विरारला बसून तो वाचून मी काय करणार?

दापोलीकर:
माझा मुद्दा हाच. लांजेकर, तुमची ती ओळ छापायला माझी आता हरकत नाही, वारा फिरण्याचं तुम्ही लिहिलंत ते मीही भोगलंय. पण गवत काढायला माणूस कुठून आणायचा ते बोला. आमच्या वाडीत सतरा घरं आहेत, उघडी पाच. त्यातल्या तिघांत फक्त म्हातारी माणसं.