हर्पिसच्या मेंदूज्वरानंतर वागणं पार बदललं, अँटिबॉडीची तपासणी कुठे होईल? मदत हवी आहे

परभणी जिल्ह्यातून लिहितोय. माझी मामेबहीण, वय २४, जिंतूर तालुक्यात दिलेली, पदरात लहान लेकरू. पावसाळ्यात ताप, डोकेदुखी आणि मग झटके आले म्हणून छत्रपती संभाजीनगरला नेलं. पाठीतलं पाणी तपासलं तर हर्पिस विषाणूचा मेंदूज्वर निघाला. असायक्लोव्हिरची इंजेक्शनं शिरेतून तीन आठवडे दिली. घरी आली तेव्हा थोडी विसराळू होती, पण लेकराचं सगळं करत होती.

दिवाळीच्या तोंडावर सगळं फिरलं. रात्र रात्र झोप नाही. सासू जेवणात काहीतरी कालवते असा संशय. भाकरी थापताना हात मध्येच थांबतो, तवा धुरकटला तरी ही तशीच बसलेली. मला सगळ्यात जास्त खटकतंय ते तिचं तोंड: आत काही नसताना चघळल्यासारखं हलत राहतं, ओठ ओढले जातात, जीभ बाहेर येते. गोळ्या सुरू व्हायच्या आधीपासून हे आहे. मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी झोप जरा लागली, पण अंग लाकडासारखं ताठ झालं.

आजी म्हणते बाहेरचं आहे. सासरे म्हणतात, तापानं डोक्यावर परिणाम झाला, आता हे असंच राहणार. माणसं चांगली आहेत, खर्चाला मागे सरलेली नाहीत. पण ‘असंच राहणार’ हे मी इतक्यात मान्य करणार नाही.

हर्पिसच्या मेंदूज्वरानंतर काही आठवड्यांनी काही रुग्णांच्या शरीरात स्वतःच्याच मेंदूविरुद्ध अँटिबॉडी (एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं) तयार होतात, त्या मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर नावाच्या प्रथिनावर जातात. विषाणू आटोक्यात आलेला असतो, तरी माणूस बिघडत जातो. हा अँटिबॉडीचा आजार डॉ. जोसेप डालमाऊ यांच्या गटानं २००७ मध्ये मांडला, तेव्हाचे बहुतेक रुग्ण म्हणजे अंडाशयात गाठ असलेल्या तरुण बायका होत्या. संशय, भास, झोप उडणं, तोंडाच्या अशा हालचाली ही त्याची लक्षणं, म्हणून बरेच जण आधी मनोविकारतज्ज्ञांकडेच पोचतात. आणि याला उपचार आहेत: स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींचं इंजेक्शन), रक्तातला प्लाझ्मा बदलणं. वेळेत सुरू झाले तर फरक पडतो, म्हणून घाई करतोय.

उद्या पहाटेच तिला घेऊन संभाजीनगरला न्यूरॉलॉजिस्टकडे निघतोय. पाठीतलं पाणी पुन्हा काढायची विनंती करणार आहे, म्हणजे हर्पिस उलटलाय का तेही कळेल आणि अँटिबॉडीही बघता येतील. नुसत्या रक्तात त्या कधी कधी सापडत नाहीत असं वाचलंय.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना विचारतो. नमुना संभाजीनगरहून कुठे पाठवतात, रिपोर्ट किती दिवसांत येतो, खर्च किती? लक्षणं इतकी स्पष्ट असताना डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता स्टिरॉइड सुरू करतात का? इम्युनोग्लोब्युलिन महात्मा फुले योजनेत बसतं का, की घाटी या संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयातून काही सोय होते? नाहीतर हैदराबाद जवळ पडेल की थेट बंगळुरूचं निम्हान्स (मेंदू आणि मनोविकारांचं सरकारी रुग्णालय) गाठावं? अंडाशयाची सोनोग्राफी हर्पिसनंतरच्या रुग्णातही करून घेतात का?

गोळ्या बंद करा, अमक्या देवाला न्या असे सल्ले कृपया देऊ नका. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करणार नाही. रात्री उशिरापर्यंत जागा आहे, व्यनि केला तरी चालेल.