राणी गेली तेव्हा तुम्ही कुठं होता?

८ सप्टेंबर २०२२. एलिझाबेथ राणी बाल्मोरलला वारली. सत्तर वर्षं गादीवर! आपल्या गावात आजही नुसतं ‘महाराज’ म्हटलं तरी कुठले, असं कुणी विचारत नाही. म्हणून मुद्दाम कोल्हापूरकरांना विचारतोय, काही वाटलं का? खरं सांगा.

माझ्यापासून सुरुवात करतो. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, कोरोनानंतरची पहिली मोकळी मिरवणूक. रात्री अकरा वाजून गेलेले, मिरजकर तिकटीजवळ मंडळाचा ट्रॅक्टर सजवत होतो. झेंडूच्या माळा लावणारा पोरगा मोबाईल बघून म्हणाला, “राणी गेली.” “कुठली रं?” “इंग्लंडची.” जरा वेळ सगळे गप्प. मग कुणीतरी विचारलं, जनरेटरचं डिझेल आलं का?

शाहूपुरी, सध्या लंडन

राणीच्या शवपेटीच्या दर्शनासाठी मी रांगेत उभा राहिलो होतो. (बाई आहे, पण कोल्हापूरची. आमच्यात असंच बोलतात.) शुक्रवारी पहाटे पाचला साउथवर्क पार्कात गेलो. मनगटाला नंबराचा पट्टा बांधला आणि थेम्सच्या काठानं चालायला लागलो. थोड्या वेळानं पार्क भरला म्हणून मागच्यांना आतच घेईनात. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत उभं राहायची सवय, त्यामुळं पायांचं काही वाटलं नाही. नवल वाटलं ते हे की मधेच कुणी घुसत नव्हतं. त्याच दिवशी फुटबॉलवाला बेकहॅमही रांगेनंच आला म्हणे, बारा तास उभा राहून. आपल्याकडं नगरसेवकाचा मेव्हणासुद्धा मागच्या दारानं जातो.

पुढं एक म्हातारी होती. तिची आई राणीच्या बापाच्या वेळी अशीच रांगेत उभी राहिलेली, १९५२ साली. आत खायचं-प्यायचं काही नेता येत नाही हे तिच्याकडूनच कळलं, म्हणून पिशवीतलं भडंग दोघींनी तिथंच संपवलं. लसणाची पाकळी दाताखाली आल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी. म्हटलं, हे राणीसाठी का मिरचीसाठी?

तेरा तासांनी वेस्टमिन्स्टर हॉल. आत एवढी शांतता की आपल्याच बुटांची लाज वाटावी. दर वीस मिनिटांनी पहारा बदलतो, तेव्हा काठी फरशीवर दोनदा आपटतात. ठक, ठक. मी नमस्कार केला. का केला, ते अजून सांगता येत नाही. घरी आल्यावर नवरा म्हणाला, “रोजा सुटला का?”

शिवाजी पेठ

मला काहीही वाटलं नाही. उलट ११ तारखेला आपल्या सरकारनं दुखवटा पाळून झेंडे अर्ध्यावर आणले, त्याचा रागच आला. शिवाजी चौकात पूर्वी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत बायकांनी त्याच्यावर हल्ला केला, आणि १९४५ ला त्याच जागी शिवाजी महाराज बसले. त्या गावानं राणीसाठी रडायचं?

रिक्षावाला, दसरा चौक

भाऊ, रागवू नका, पण माझं ऐका. त्याच वर्षी ६ मे. शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली. सकाळी दहाला शंभर सेकंद स्तब्ध उभं राहायचं ठरलेलं. मी इंजिन बंद करून खाली उतरलो. सिग्नल हिरवा झाला, कुणी हललं नाही. मागनं एकानं हॉर्न दिला आणि मग स्वतःच खाली मान घातली. शंभर सेकंद लई मोठे असतात ओ. माझे पणजोबा महाराजांच्या बोर्डिंगात राहून शिकले. महाराज मुंबईत वारले, ४७ वर्षांचेच होते. आमचे महाराज सत्तर वर्षं गादीवर राहिले असते तर काय काय झालं असतं, एवढंच डोक्यात फिरत होतं. राणीच्या वेळी त्या तिकडच्या माणसांचं तसंच काहीतरी झालं असेल, असं वाटलं.

राजारामपुरी

थोडं विषयाबाहेर. फ्लॉरेन्सला गेलो होतो, तिथं आर्नो नदीकाठी आपल्या राजाराम महाराजांची छत्री आहे. इंग्लंडहून परतताना १८७० मध्ये तिथंच वारले, विशीतले. दहनही तिथंच. आत त्यांचा रंगीत पुतळा आहे, फेटा बांधलेला. शेजारच्या पुलालाही त्या ‘इंडियानो’चं, म्हणजे भारतीयाचं, नाव आहे. मी तिथं बराच वेळ उभा होतो. आसपास मराठी कळणारं कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं म्हणालो, “महाराज, कोल्हापुरातनं आलोय.”

कसबा बावडा

आमच्या आजीनं १९ तारखेला सगळा अंत्यविधी टीव्हीवर बघितला. इंग्रजी एक अक्षर कळत नाही. विंडसरला शेवटी शवपेटीवरचा मुकुट, राजदंड आणि गोळा एकेक करून उचलला आणि वेदीवर ठेवला, तेव्हा ती पुढं सरकून बसली.

“काढून घेतलं बघ,” म्हणाली. “तुझ्या आज्याच्या आईच्या पाटल्या अशाच काढल्या होत्या. एक निघंना, साबण लावला.”

मग म्हणाली, भात टाक, उशीर झाला.