कॅज्युअल्टीतच सोनोग्राफी: हवी की नको?

रात्रपाळी_सातारा:
परवा मध्यरात्री खंबाटकी उतरल्यावर ट्रकला धडकलेला मोटरसायकलवरचा पोरगा आणला. अंगावर फारशी जखम नाही, पोटही मऊ. बीपी मात्र ८० आणि हातपाय गार. उजव्या बरगडीपाशी सोनोग्राफीचा प्रोब टेकवला, तर लिव्हर आणि किडनीच्या मध्ये बोटभर काळा पट्टा. एरवी ती दोन्ही खेटून दिसतात, तिथं काळं दिसलं की रक्तच धरायचं. लगेच सर्जनना फोन केला, रक्त मागवलं, अर्ध्या तासात पोरगा ऑपरेशन टेबलावर. सीटी स्कॅनसाठी दुसरीकडं धाडला असता तर वाटेतच गेला असता. दोन्ही कुशी, ओटीपोट आणि हृदयाभोवती, एवढ्या चारच जागा बघायच्या. हायवेलगतच्या प्रत्येक कॅज्युअल्टीत मशीन हवं, आणि ते ड्युटी डॉक्टरला चालवता यायला हवं.

कृष्णाकाठ:
तुमचा पोरगा वाचला, बरं वाटलं. आमच्या घरी उलटं झालं. चुलतभाऊ ट्रॅक्टरवरून पडला. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, 'क्लिअर आहे' म्हणाले आणि घरी पाठवलं. पहाटे पाणी मागायला उठला तो पांढराफटक. प्लीहा फाटली होती. त्या एका शब्दावर आम्ही गाफील राहिलो. तुमचं मशीन हवंच कशाला?

रात्रपाळी_सातारा:
दादा, त्याला ठेवून घ्यायला हवं होतं. साधारण २०० मिली तरी साचल्याशिवाय रक्त दिसत नाही. आतड्याची इजा, पोटाच्या पाठीमागचा रक्तस्राव तर बहुधा निसटतोच. निगेटिव्ह म्हणजे 'आत्ता दिसत नाही' एवढंच. पुन्हा बघायचं, बीपी टिकून असेल तर सीटी करायचा.

मिरजेचा_रेडिओलॉजिस्ट:
'प्रत्येक कॅज्युअल्टीत' ला माझा विरोध आहे. याच मशीनवर गर्भाचं लिंगही कळतं, गर्भलिंगनिदानाचा १९९४ चा कायदा उगाच कडक नाही. २०१७ साली आमच्या म्हैसाळला गर्भपात केलेले १९ गर्भ सापडले, ते इथं कुणी विसरलेलं नाही. नोंदणी आणि प्रशिक्षण यांत सूट नकोच. शिवाय जिथं रात्री सर्जन नाही, तिथं पट्टा दिसून रक्त थांबवणार कोण?

रात्रपाळी_सातारा:
सूट मागत नाही सर, प्रशिक्षणच मागतोय. आणि सर्जन नसेल तिथं तर जास्तच गरज. पट्टा दिसला की १०८ ला सांगता येतं, जवळच्या दवाखान्यात थांबू नका, थेट ऑपरेशन होईल तिथंच न्या.

कृष्णाकाठ:
मग एवढं तरी करा. कागदावर 'नॉर्मल' लिहू नका. किती वाजता बघितलं आणि पुन्हा कधी बघणार, ते लिहा. आम्ही तो कागद उशाशी ठेवून झोपलो होतो.