थंडीत सकाळची पहिली स्टार्ट छळते : बॅटरी बदलू का? कुठली घेऊ?

पहाटपाळी
आठ वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे, इंजेक्शनवाली, साध्या गिअरची. थंडी पडल्यापासून सकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागतो. मग कशीबशी उठते, मिनिटभर थरथरते आणि नंतर दिवसभर शहाण्यासारखी वागते. दुपारी तर चावी लावायचा अवकाश, लगेच सुरू. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागलेला नाही. गॅरेजवाला म्हणतो बॅटरी गेली, बदला. बॅटरी तीन वर्षांची आहे. कुठली घेऊ?

पाना_दहाचा
कुठली घ्यायची ते नंतर बघू. आधी सांगा, सेल्फ मारताना आवाज कसा येतो? रडत रडत, ओढत फिरतो, की नेहमीच्या वेगाने फिरतो पण गाडी धरत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक दोन्हींवर बॅटरीचंच औषध देतात.

ओढत फिरत असेल तर बॅटरी, टर्मिनल, अर्थची वायर, सेल्फ किंवा जाड ऑइल. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट होतं. म्हणजे देणाऱ्याचा हात आखडतो आणि मागणाऱ्याची भूक वाढते. झपाझप फिरूनही धरत नसेल तर पेट्रोल, ठिणगी नाहीतर सेन्सर. तिथे नवी बॅटरी टाकून फक्त सेल्फ जास्त वेळ मारता येईल.

काजळी_प्लग
एक साधा मल्टिमीटर आणा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे साधारण अर्धी उतरलेली. पण खरी परीक्षा सेल्फ फिरताना होते. तेव्हा आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी थकली समजा. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे, नाहीतर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये आणि नवी बॅटरीही महिन्याभरात उतरेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी ती साफ करा. कित्येकांचा त्रास तिथेच संपतो.

चावी_हरवली
दोन-तीनदा अॅक्सिलरेटर दाबून मग चावी फिरवा. आमच्या जुन्या गाडीला हेच लागायचं.

पाना_दहाचा
ती कार्ब्युरेटरची गाडी असणार. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवण्याआधी पेडल दाबून काहीच होत नाही, किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. उलट बऱ्याच गाड्यांत पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारला तर पेट्रोल बंद होतं. ठिणगी देणारे प्लग पेट्रोलने ओले झाले असतील तेव्हा त्याचा उपयोग. क्लच मात्र दाबा, गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल घुसळायचं ओझं सेल्फवर येत नाही. आणि एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका. मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा, सेल्फ जळतो.

पहाटपाळी
आज सकाळी मोजलं. उभी असताना १२.५, सेल्फ फिरताना १०.६, चालू झाल्यावर १४.२. आणि हो, सेल्फ झपाझप फिरतो. आतापर्यंत लक्षच दिलं नव्हतं.

पाना_दहाचा
मग बॅटरीला हात लावू नका. उद्या चावी ऑन करून पंपाची गुणगुण थांबेपर्यंत थांबा, बंद करा, पुन्हा ऑन करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच उठली तर रात्रीत पेट्रोलचा दाब उतरतोय.

काळा_धूर
मध्येच विचारतो, माफ करा. माझी डिझेल आहे, लक्षणं हीच, शिवाय सुरू होताना पांढरा धूर.

काजळी_प्लग
हीटर प्लग तपासा. डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. इंजिन गार असलं की ती उष्णता पुरत नाही म्हणून हे प्लग. मल्टिमीटरवर चांगल्या प्लगचा रोध अगदी कमी, साधारण एक ओमच्या आसपास दिसतो. काहीच दिसलं नाही तर तो तुटलेला. सध्या प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारा. अगदी शून्याखालच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, पण तेव्हा गाडी सुरू होऊन बंद पडते किंवा ओढतच नाही.

पहाटपाळी
तीनदा ऑन-ऑफ करून पाहिलं. काही फरक नाही. प्लग मागच्या सर्व्हिसला बदललेत.

पाना_दहाचा
कोणाकडून तरी गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर मागून आणा. सकाळी सेल्फ मारण्याआधी फक्त चावी ऑन करा आणि दोन आकडे बघा : कुलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे हवेत.

पहाटपाळी
हवा ७ अंश. कुलंट ५८!!

पाना_दहाचा
सापडला. कुलंटचा सेन्सर खोटं बोलतोय. कॉम्प्युटरला वाटतंय इंजिन गरम आहे, म्हणून गार इंजिनाला लागतं तेवढं जास्तीचं पेट्रोल तो देतच नाही. दुपारी इंजिन खरंच कोमट असतं, तेव्हा खोटं खपून जातं. दिवा लागला नाही कारण ५८ हा अशक्य आकडा नाही, कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवतो. पिनांना गंज असता तर उलट झालं असतं : या सेन्सरचा रोध थंडीत वाढतो, गंजाने रोध वाढला की इंजिन आहे त्याहून गार दिसलं असतं. त्यामुळे सेन्सरच बदला. इंजिन पूर्ण थंड असतानाच काढा, नाहीतर गरम कुलंट अंगावर येईल. थोडं कुलंट सांडेल, ते भरून घ्या.

पहाटपाळी
बदलला. आज ६ अंशांत पहिल्या सेल्फला उठली, थरथरही नाही. गॅरेजवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "असेल, पण बॅटरीही जुनीच झालीये."

काळा_धूर
माझे चारातले दोन हीटर प्लग मेलेले निघाले. चारही बदलू की दोनच?

काजळी_प्लग
चारही. बाकीचे दोन त्याच वयाचे आहेत. इंजिन कोमट असताना हलक्या हाताने काढा, गार इंजिनात जोर लावला तर आतच तुटतात.